पायाला पेन्शन

दादारावांसोबत मी एकोणीस वर्षं नोकरी केली आणि त्या एकोणीस वर्षांत त्यांचा चेहरा फार कमी पाहिला. एसटीतल्या कंडक्टरच्या वाट्याला ड्रायव्हरची पाठ येते. त्यामुळं दादारावांचं नाक कसं होतं असं कुणी विचारलं तर मी गडबडेन. पण त्यांच्या मानेवरचा तीळ, खाकी सदऱ्यावर उमटणारा घामाचा डाग, आणि राग आला की त्यांचा उजवा खांदा कसा अर्धा इंच वर जायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

मी हट्ट्याजवळच्या तांड्यावरचा. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूखभर फिरायचे. त्यांनी पोती वाहिली आणि मी माणसं वाहिली, एवढाच आमच्या घराण्यात फरक पडला. दादाराव डोंगरकड्याचे. हिंगोली डेपोत आमची जोडी लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, गाडी चालू असताना आपलं बोलणं दोरीनं. एक बेल थांबायची, दोन बेल निघायची. आन एक बेल वाजली की मी काहून म्हणून इचारणार न्हाई. मागचं तुमाला दिसतं, मला न्हाई."

मी नवखा होतो. मला वाटलं, हा माणूस रुबाब दाखवतोय. पुढं कळलं की हा करार होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. एकदा माझा धक्का लागून उगाच बेल वाजली, तर भर उन्हात माळावर गाडी उभी करून हा माणूस शांत बसून राहिला. मी दोन बेल देईपर्यंत त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. एक म्हातारी तेवढ्यात लघवीला जाऊन आली आणि तिनं मला आशीर्वाद दिला.

सीटवर बसले की दादाराव आधी बूट काढायचे. दोन्ही बूट सीटमागं नीट जोडीनं ठेवायचे आणि अनवाणी पाय पेडलवर टेकवायचे. साहेब लोक तपासणीला आले की बूट चढवायचे, साहेब गेले की पुन्हा काढायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पायाला ऐकू येतं मास्तर, बुटाला न्हाई." ही थट्टा नव्हती. गाडी चालवता चालवता ते सांगायचे की आज मागचा उजवा टायर कमी आहे, किंवा इंजिनाला खोकला झालाय. वर्कशॉपमधले मिस्त्री आधी हसायचे, मग बोनेट उघडायचे, आणि मग हसायचं थांबायचे.

ब्रेकला ते 'माफी' म्हणायचे. "कचकन ब्रेक मारणं म्हंजे गाडीतल्या पन्नास जणांची माफी मागणं. आधीच बराबर वागलं तर माफीची पाळी काहून येईन?" त्यांच्या गाडीत उभा माणूस दांड्याला न धरता पान खाऊ शकायचा.

अर्थात हे सगळं सावकाशीच्या जोरावर. गाडी अशी रमतगमत जायची की माझा जीव कंटाळून जायचा. कुणी घाई केली तर त्यांचं उत्तर तयार असे, "उतरा. पायी लवकर जासाल." एकदा हिंगोलीहून एक माणूस बहिणीच्या रुखवतासाठी पुरुषभर उंचीचा आरसा घेऊन चढला. नुसत्या गोणपाटात गुंडाळलेला. मी नको म्हणत होतो, दादारावांनी घ्या म्हणून मान हलवली. आणि मग हट्ट्यापर्यंत गाडी वीसच्या वर गेलीच नाही. ट्रॅक्टर पुढं गेले, मोटारसायकली पुढं गेल्या, एक सायकलवाला पोस्टमन आम्हाला हात करून पुढं गेला. प्रवासी आधी चिडले, मग शिव्या द्यायला लागले, आणि शेवटच्या सात-आठ किलोमीटरला सगळी गाडी त्या आरशाच्या काळजीत पडली. खड्डा दिसला की मागून चार जण ओरडायचे, "दादा, डावीकडून घ्या." आरसा धड उतरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उशिराचं कारण म्हणून कागदावर 'आरसा' एवढंच लिहिलं. साहेबांनी मला बोलावून घेतलं ती गोष्ट वेगळी.

पण ही सावकाशी हेच त्यांचं खरं कसब होतं, हे मला बसमध्ये कळलं नाही. ते कळलं जयंतीला.

आमच्याकडं नुसतं जयंती म्हटलं की ती एकच, चौदा एप्रिलची. संध्याकाळी वस्तीतून मिरवणूक निघते. फुलांनी सजवलेला टेम्पो, त्यावर प्रतिमा, पुढं वाजंत्री आणि त्याच्या पुढं नाचणारी सगळी वस्ती. तो टेम्पो तीस वर्षं दादारावांनी चालवला. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात निळा रुमाल आणि पाय अनवाणी. माणसाच्या चालीनं तीन-चार तास गाडी चालवणं म्हणजे काय असतं ते ड्रायव्हरलाच विचारावं. क्लच अर्धा, उजवा पाय ब्रेकवर अलगद, आणि बंपरपासून हातभर अंतरावर लेकरं. मी दर वर्षी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचो. पहिल्या वर्षी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लेकरं गाडीकडं पाठ करून नाचत होती. मागून टेम्पो येतोय हे त्यांना माहीत होतं, पण एकही लेकरू वळून बघत नव्हतं. दादाराव आहेत म्हटल्यावर बघायचं कशाला?

दादाराव निवृत्त झाले, मागोमाग मीही झालो. आमची घरं हिंगोलीतच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. त्यांची लेक सुजाता दवाखान्यात सिस्टर आहे. तिनं चारचाकी गाडी घेतली, बिनगिअरची, नवी कोरी, आणि चालवायला बापाच्या हातात दिली. बापानंच तिला टेम्पोपासून सगळं चालवायला शिकवलं होतं, पण घरात बाप असताना स्टेअरिंगला हात लावायची तिची टाप नव्हती.

त्या गाडीत स्टेअरिंगवर एक बटन होतं. सुजातानं आम्हा दोघांना पुढं बसवून समजावलं, "बाबा, हे क्रूझ. गाडी एका स्पीडला आली की दाबायचं. मंग पाय काढला तरी गाडी त्याच स्पीडनं चालत राहते. ब्रेकला पाय लागला की सुटतं. पर हे मोकळ्या हायवेवर वापरायचं, गावात न्हाई."

मला वाटलं होतं दादाराव नाक मुरडतील. झालं उलटंच. त्यांना त्या बटनाचं असं काही वेड लागलं की विचारू नका. "मास्तर, आता पायालाबी पेन्शन," असं म्हणायचे आणि उजवा पाय चक्क सीटवर दुमडून मांडी घालायचे. हायवे सोडून त्यांनी ते बटन कळमनुरीच्या रस्त्याला वापरलं, डोंगरकड्याच्या रस्त्याला वापरलं, गावांमधल्या फाट्यांवर वापरलं. वेग तीस. कारण तीसच्या खाली ते बटन लागतच नव्हतं. एक मांडी घातलेला म्हातारा तीसच्या वेगानं चाललाय आणि शेजारी दुसरा म्हातारा शेंगा सोलतोय, असं दृश्य त्या वर्षी पुष्कळांनी पाहिलं असेल. मी त्यांची भरपूर टर उडवली. आयुष्यभर पायानं ऐकणारा माणूस शेवटी बटनाच्या नादी लागला म्हणालो. ते हसायचे, पण उत्तर द्यायचे नाहीत. दादारावांनी टोमण्याला उत्तर न देणं हे नवीन होतं. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

माघात एक दिवस म्हणाले, चला नांदेडला, शोरूममध्ये काम आहे. तीसच्या वेगानं नांदेड म्हणजे माझी दुपारची झोप बुडाली. शोरूममधल्या टाय लावलेल्या माणसाला दादारावांनी सांगितलं, "हे बटन पाचावर बसवून द्या."

"पाचावर? काका, ते तीसच्या खाली लागत नाही. कंपनीचं सेटिंग आहे. हायवेसाठी असतं ते."

"हायवेवर कोणीबी चालवतंय. तकलीफ गल्लीत असते. मला पाचावर पायजे, माणूस चालतो तेवढ्यावर."

"पण पाचावर कशाला लागतंय, काका?"

त्या भल्या माणसानं आम्हाला चहा पाजला आणि महागाच्या गाड्यांत तसं काहीतरी मिळतं असं सांगून वाटेला लावलं. येताना दादारावांचा उजवा खांदा अर्धा इंच वर होता. अर्धापूर मागं पडल्यावर एकदाच बोलले, "येवढी अक्कल घातली मशिनीत, आन हळू जायचंच शिकवलं न्हाई." मला हसू आलं. मी मोठ्यानं हसलोही. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग तो दिवस आला. शिमगा जवळ आला होता, रानोरान हळद शिजत होती. डोंगरकड्याच्या अलीकडं आम्ही आतल्या रस्त्याला वळलो. त्या दिवसांत आमच्याकडं हरभऱ्याची वाळलेली झाडं रस्त्यावर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली घाटे फुटतात, मळणी फुकटात होते. गाडीवाले तिथं वेग कमी करून त्यावरूनच जातात. पसरलेल्या हरभऱ्याच्या टोकाला एक बाई वाकून खराट्यानं दाणे गोळा करत होती. आमच्याकडं पाठ. गाडी हळू होणारच, असं धरून चाललेली.

गाडी हळू झाली नाही. बटन लागलेलं होतं, वेग तीस. दादारावांनी मांडी मोडून पाय खाली घेतला, मी तो घेताना पाहिला. तरी गाडी तशीच. माझा हात आपसूक वर गेला आणि छताला दोरी शोधू लागला. तेवढ्यात मी त्यांच्याकडं बघितलं आणि पाहिलं की दादाराव खाली बघतायत. स्वतःच्या पायाकडं. उजवा पाय ब्रेकवर नव्हताच. ब्रेकच्या शेजारी, खालच्या पायपुसण्यावर, सगळा जोर लावून त्यांनी तो दाबून धरला होता, आणि त्यांना वाटत होतं की आपण ब्रेक दाबतोय. परक्याचं सामान हलवावं तसा त्यांनी तो पाय नजरेनं उचलून ब्रेकवर ठेवला. गाडी हरभऱ्यावरून सरकत जाऊन बाईच्या ढिगाऱ्यात थांबली. बाई आवाजानं उडी मारून बाजूला झाली होती. तिच्या हातात खराटा तसाच होता.

"दादा, दिसून नाही राहिलं का?" ती म्हणाली. फार रागानंही नाही.

आम्ही दोघं उतरलो आणि तिच्यासोबत बसून विखुरलेले दाणे गोळा करू लागलो. तेव्हा माझं लक्ष गेलं. दादारावांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. साखरेचा आजार होता, म्हणून सुजातानं त्यांना मऊ डॉक्टरी चप्पल सक्तीची केली होती. चप्पल गाडीत पडली होती आणि ते तापलेल्या डांबरावर अनवाणी चालत होते. खडे, हरभऱ्याची टोकं, कशाचंच त्यांना काही नव्हतं.

"दादाराव, चप्पल."

त्यांनी पायाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "कव्हा पडली?" एवढंच विचारलं.

परत येताना गाडी मी चालवली, जशी येते तशी. ते खिडकीकडं तोंड करून बोलले. "दिवाळीपासून बहिरा झालाय. आधी बोटं गेली, मंग टाच. म्हणून ते बटन. म्हटलं, जिथं पायाचं काम न्हाई तिथं पाय काहून लावा. तीसवर असलं म्हंजे बघून पाय ठेवायला टाइम भेटतो." मग म्हणाले, "घरी बोलू नका मास्तर. येवढी जयंती होऊ द्या. मंग मी सोताच चाबी ठेवून देतो."

पाचावर बटन कशाला हवं होतं ते मला तेव्हा कळलं. यंदा टेम्पोऐवजी हीच गाडी सजवून मिरवणुकीत न्यायचा त्यांचा बेत असणार.

पुढचे चार दिवस माझे वाईट गेले. तीस वर्षांचा मान होता तो. शेवटचा एक दिवस मागत होता माणूस, आणि मागत होता माझ्याकडं. एकोणीस वर्षांत त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. पण डोळे मिटले की मला गाडीकडं पाठ करून नाचणारी लेकरं दिसायची. दादाराव त्या लेकरांना जिवापाड जपायचे, आणि तरीही हे मागत होते. माणसाला आपली ओळख सोडणं किती अवघड जातं, हे मी त्यांच्याकडं बघून शिकलो. मला त्यांचा राग आला नाही. मला त्यांची फार माया आली, आणि म्हणूनच काय करावं ते समजेना.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. वहिनी, म्हणजे शांताबाई, शिलाई मशीनवर निळ्या कापडाच्या पताका शिवत बसल्या होत्या. सुजाता ड्युटीला निघायच्या तयारीत होती. दादाराव खुर्चीत बसून टेम्पोवाल्याशी फोनवर बोलत होते. "क्लच बघून घे, ब्रेक टाइट करून घे, आपल्याला सावकाश न्यायची," असं चाललं होतं. त्यांनी फोन ठेवला. वहिनींनी माझ्यापुढं चहाचा स्टीलचा पेला ठेवला, साखरेचा चमचा ठेवला.

मी चमचा उचलला आणि पेल्याच्या काठावर मारला. एकदाच.

वहिनी पुन्हा शिवायला बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. सुजाता पर्स शोधत होती. दादाराव मात्र गपकन थांबले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही, समोरच्या भिंतीकडं पाहत राहिले, जसं काचेतून रस्त्याकडं पाहायचे. माझा चहा निवून गेला.

"सुजाता," ते म्हणाले, "यंदा टेम्पो तू चालव."

"मी? काहून?"

त्यांनी उजवा पाय उचलून स्टुलावर ठेवला. "बघ हात लावून."

सुजाता खाली बसली. खिशातला पेन काढून तिनं त्याचं टोक अंगठ्याला टोचलं, तळव्याला टोचलं, टाचेला टोचलं. दादाराव आढ्याकडं बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लावलं का न्हाई आजून?"

सुजाता पाय तसाच हातात धरून बसून राहिली. वहिनींचं मशीन थांबलं होतं. मी उठून घरी आलो.

दादाराव माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. दिसले की मान फिरवायचे, उजवा खांदा वर. करार त्यांनी पाळला होता, पण करार पाळल्याचा राग यायला काही बंदी नव्हती. पोरगी टेम्पो चालवणार म्हणून वस्तीत दोघा-तिघांनी कुरकुर केली. त्यांना दादारावांनी एकच उत्तर दिलं, "तिला मी शिकवलंय. तुमाला कुणी शिकवलंय?" विषय तिथंच मिटला.

जयंतीनंतर महिन्याभरात सुजाताची बदली झाली आणि तिघंही परभणीकडं राहायला गेले. फोनवर आम्ही बोलतो. पाय आहे तसाच आहे म्हणतात, गाडीत आता मागं बसतात आणि सुजाताच्या ब्रेकला नावं ठेवतात. पण माझ्या डोळ्यांसमोर दादाराव उभे राहतात ते त्या चौदा एप्रिलचेच.

ऊन उतरलं होतं. टेम्पोवर फुलं, स्टेअरिंगवर पांढऱ्या साडीतली सुजाता, गळ्यात निळा रुमाल, पाय अनवाणी. शेजारी नेहमीच्या जागी मी. तिच्या कपाळावर घाम होता.

"काका, स्पीड किती ठेवू? लय हळू केलं तर बंद पडंल."

मला काय सांगावं कळेना. तेवढ्यात टेम्पोपुढून दादाराव आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पायात ती डॉक्टरी चप्पल, पट्टा घट्ट बांधलेला. आमच्याकडं न बघता ते बंपरपासून चार पावलं पुढं जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. एक हात मागं कमरेवर ठेवला आणि चालू लागले. पाऊल बघून टाकत होते, म्हणून चाल सावकाश होती, पण एकसारखी.

"बाबाच्या पाठीवर नजर ठेव," मी म्हणालो. "तेवढंच."

सुजातानं क्लच सोडला. दादाराव जेवढे जात होते तेवढाच टेम्पो जात होता. त्यांच्या पुढं वाजंत्री, आणि वाजंत्री आणि त्यांच्या मधल्या जागेत लेकरं, नेहमीसारखी पाठ करून नाचणारी. सगळी मिरवणूक त्या बहिऱ्या पायाच्या चालीनं चालली होती आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

चौकात थांबलो. हार घालायचा होता, वंदना व्हायची होती. वाजंत्री बंद झाली. दादारावांनी मागं न बघता हात वर केला, सुजातानं गाडी उभी केली. वंदना झाली, हार झाला, पुढचे लोक सरकले, वाट मोकळी झाली. दादाराव हलले नाहीत. हात तसाच वर. सुजाता मला म्हणाली, "काका, बाबा थकले का?" मलाही तेच वाटलं. मी उतरायला दाराची कडी काढली, आणि मग त्यांच्या मानेवरचा तो तीळ दिसला, आणि ते कशासाठी थांबलेत ते मला समजलं.

मी हात खिडकीबाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर थाप मारली. दोनदा.

त्यांनी वळून पाहिलं नाही. हात खाली घेतला आणि चालू लागले.